एका ताईमागे किती मुलं?

पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. एका पानात तीनदा ‘आनंद’. पाळणाघराचं व्यवस्थापन आता एका मोठ्या संस्थेकडे जात असल्याचं कळवताना आनंद होत आहे. आपल्या पाल्याला अधिक दर्जेदार वातावरण देण्यात आनंद वाटेल. आणि आजवरचं आपलं सहकार्य यापुढेही मिळेल याचा आनंद तर आहेच. मागच्या पानावर सुधारित शुल्कतक्ता. महिन्याची फी १८ टक्क्यांनी वाढली होती, आणि ती लागू व्हायला २३ दिवस उरले होते.

बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “यात मोठ्या ताई कुठे आहेत?” मी तोवर कॅल्क्युलेटर उघडला होता.

पुढे चार महिने हे प्रकरण चाललं. त्यातले पहिले सहा आठवडे मी भलत्याच गोष्टीसाठी भांडलो, आणि वर जिंकलो म्हणून खूशही झालो. ते कसं घडलं तेच सांगायचंय.

मोठ्या ताई म्हणजे पाळणाघराच्या मालकीणबाई. लेक नऊ महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा तिथे सोडलं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलांना अनोळखी चेहरा खुपायला लागतो आणि आईबाप नजरेआड गेले की जीव कासावीस होतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. नेमकी तीच वेळ आम्ही साधली होती. पहिले दोन आठवडे ती दारातून आत जाताना असा टाहो फोडायची की मी गाडीत बसून दहा मिनिटं नुसता स्टिअरिंगकडे बघत राहायचो. तेव्हा मोठ्या ताई बाहेर येऊन काचेवर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, “थांबली. जा आता कामाला.” एवढंच. त्यांच्या बोलण्यात लाघव अजिबात नव्हतं. पण त्या माणसं टिकवून होत्या. छोट्या गटातली ताई आणि मधल्या गटातल्या तिघी, सगळ्या कित्येक वर्षं तिथेच होत्या. कुठल्या मुलाला झोपताना पाठीवर थोपटायचं आणि कुणाच्या कपाळावरून बोट फिरवायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

दाराशी एक वही असायची. साधी, रेघांची, पेन दोऱ्याने बांधलेलं. घ्यायला गेलं की आपल्या पोरीचं पान उघडायचं. मधल्या गटातल्या ताईंचं अक्षर तिरकं होतं. एकदा त्यांनी लिहिलं होतं: “एक ते अडीच झोपली. उठताना रडली नाही. सकाळपासून डाव्या कानाला सारखा हात लावतेय. बघून घ्या.” ताप नव्हता, खोकला नव्हता, आम्हाला काही दिसलंच नव्हतं. डॉक्टरांनी कानात पाहिलं तर आत सूज. त्या वहीवर माझा त्या दिवसापासून आमच्या घरच्या थर्मामीटरपेक्षा जास्त विश्वास बसला.

तर पत्र आलं आणि पालकांच्या ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत धुमाकूळ झाला. कुणी म्हणालं ही लूट आहे, कुणी म्हणालं कोर्टात जाऊ. एका बाबांचं मत उलटं होतं: “मोठी संस्था आली, बरंच झालं. एकट्या बाईच्या जिवावर चाललेलं कधीही बंद पडलं असतं. साखळी म्हणजे पाया भक्कम.” यावर एका आईने ऑस्ट्रेलियातल्या एबीसी लर्निंगची आठवण करून दिली. शेअर बाजारात नोंदलेली, त्या देशात हजारावर केंद्रं असलेली साखळी, भराभर एकेक पाळणाघर विकत घेत वाढलेली, आणि २००८च्या नोव्हेंबरमध्ये कोसळली. मुलं कुठे ठेवायची म्हणून शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं, आणि नंतर बरीचशी केंद्रं ना-नफा संस्थांनी एकत्र येऊन घेतली. ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरली. मग पुन्हा फीवरच गाडी आली.

मी हिशोबाच्या कामातला माणूस. मला वाटलं, इथे आपला उपयोग आहे. रविवारी सकाळी कागद घेऊन बसलो. तक्ता नीट वाचला की कळत होतं, १८ हा फक्त दर्शनी आकडा. पूर्वी पाळणाघर साडेआठ ते साडेसहा, म्हणजे दहा तास; आता सहालाच बंद. सहानंतर दर पंधरा मिनिटांना वेगळा आकार. शिवाय रंग-कागद-मातीचा खर्च पूर्वी फीतच असायचा, तो आता ‘वार्षिक साहित्य शुल्क’ नावाने वेगळा झाला होता, नव्या फीच्या अर्ध्या महिन्याइतका. समजा पूर्वी महिन्याला १०० होते. आता ११८. वर्षाचे १,४१६, त्यात साहित्याचे ५९, एकूण १,४७५. म्हणजे महिन्याला जवळपास १२३. आणि ते दहाऐवजी साडेनऊ तासांचे. तासाच्या हिशोबाने वाढ साधारण २९ टक्के. मी हे ग्रुपवर टाकलं आणि क्षणात माझी पत वाढली. आजवर माझ्या निरोपावर एवढे अंगठे कधी आले नव्हते.

सोबत मी प्रवेशाचा जुना अर्जही शोधून काढला. खाली बारीक अक्षरात होतं: ‘शुल्कात बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनास राहील.’ त्याखाली माझीच सही. अनामत रकमेबद्दल मात्र एक ओळ होती, आणि ती कामाची ठरली. आमची अनामत मोठ्या ताईंकडे जमा होती. नव्या लोकांना विचारलं तर म्हणाले, हस्तांतरात ती आमच्याकडे आलेली नाही, तुम्ही त्यांच्याकडे मागा. मोठ्या ताई म्हणाल्या, मी सगळं त्यांच्या हवाली केलंय. दोघांनाही एकाच पत्रात, एकमेकांना प्रत देऊन लिहिल्यावर चार दिवसांत नव्या संस्थेकडून पोच आली की अनामत त्यांच्याकडे आहे. पाळणाघर हातबदल होत असेल तर हे पत्र आधी लिहावं, बाकीचं सगळं नंतर.

पहिली बैठक मोठ्या गटाच्या खोलीत झाली. खुर्च्या मुलांच्या. वीस-बावीस मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, आणि अशा खुर्चीत बसून कितीही तावातावाने बोललं तरी माणूस रागावलेला दिसत नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. नव्या व्यवस्थापिका उभ्या होत्या. तिशीतल्या, नीटस, तयारीने आलेल्या. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली: नवा ॲप, कॅमेरे, बोटाच्या ठशाने उघडणारं दार, नवा अभ्यासक्रम. मी माझा कागद काढला. २९ टक्के म्हटल्यावर खोलीत कुजबुज झाली. त्या म्हणाल्या, “तासाचा हिशोब धरणं योग्य नाही, आम्ही महिन्याचं शुल्क घेतो.” मी म्हणालो, “मग सहानंतर पंधरा मिनिटांचा हिशोब कसा काय धरता?” लोक हसले. मला फार बरं वाटलं.

बायकोने मागून एकच प्रश्न विचारला. “मधल्या गटात आता ताई किती असणार?”

“केंद्रात सरासरी सात मुलांमागे एक कर्मचारी असं प्रमाण आम्ही राखतो,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्या. हे उत्तर कुणाच्याच कानात शिरलं नाही. माझ्याही नाही. माझ्या डोक्यात अजून टाळ्या वाजत होत्या.

दोन आठवड्यांनी निरोप आला. पालकांच्या भावना लक्षात घेऊन वाढ १८ऐवजी १५ टक्के करण्यात येत आहे. ग्रुपवर जल्लोष. मला दोन जणांनी ‘साहेब’ म्हटलं.

त्याच सुमारास वही गेली. तिच्या जागी ॲप आला. दुपारी तीनला फोन टिंग करायचा: झोप ९० मिनिटं, जेवण पूर्ण, मूड आनंदी. दुसऱ्या दिवशी: झोप ९० मिनिटं, जेवण पूर्ण, मूड आनंदी. पत्रातला आनंद आता रोज येऊ लागला. सोबत एक फोटो, ज्यात सगळी मुलं एका ओळीत बसलेली आणि सगळ्यांच्या हातात एकसारखं रंगवलेलं काहीतरी. आमची लेक नेहमी कडेला, कॅमेऱ्याकडे न बघता दाराकडे बघत असलेली.

घरी ती रात्री उठायला लागली होती. बारा, दोन, साडेचार. उठून रडायची नाही, नुसती बसायची आणि आम्ही आहोत ना हे चाचपायची. दोन वर्षांची पोर पुन्हा बाटली मागू लागली. आम्ही म्हटलं दाढा येत असतील. मग एके दिवशी ॲपवर वेगळ्या रंगाची नोंद आली: ‘आपल्या पाल्याने सहविद्यार्थ्यास चावा घेतला.’ सहविद्यार्थी! दोन वर्षांचा तो बिचारा. मी फोन केला, कशावरून झालं विचारलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “नोंदीत तेवढंच आहे, सर.”

मधल्या गटातल्या तिरक्या अक्षराच्या ताई मला त्याच आठवड्यात फाटकाशी भेटल्या. त्यांची सुट्टी झाली होती, माझं घ्यायला जाणं बाकी होतं. मी म्हटलं, “ताई, हल्ली वहीत लिहीत नाही तुम्ही, चुकल्याचुकल्यासारखं होतं.” त्या काही बोलल्या नाहीत. मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, “मी पंधरा तारखेपर्यंतच आहे. तुम्हाला कळवतील की नाही माहीत नाही, म्हणून सांगते.”

मी काहीतरी पुटपुटलो. की एवढी फी वाढवली, तर तुमचे पगार तरी…

“पगार आहे तोच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि आम्ही तिघी होतो, आता दोघीच. तिसरीची जागा भरायची नाही असं ठरलंय. तुम्ही लोकांनी फी कमी करून घेतली ना, म्हणून.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मग पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, “तिला दुपारी झोपताना कान चोळायची सवय आहे. नव्या बाईंना सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल दुखतोय.”

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आमच्या तीन टक्क्यांचे पैसे कुठून आले, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. धंद्याने हिशोब करणारा माणूस मी. कुठल्याही कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात एका ओळीतलं उत्पन्न अचानक कमी झालं, की ती तूट कुठल्या ओळीतला खर्च कापून भरली हे आधी शोधतो. इथे बैठकीतल्या हशाने माझं भान सुटलं होतं.

पाळणाघराचा हिशोब फार गुंतागुंतीचा नसतो. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा माणसांच्या पगाराचा, मग जागेचं भाडं, आणि उरलेलं बाकी सगळं. तान्ह्यांच्या खोलीत एका ताईमागे तीन-चारच मुलं ठेवता येतात, म्हणजे तिचा पगार, तिच्या रजेतली बदली, जागा, वीज, सगळं त्या तीन-चार घरांच्या फीतून निघायचं. ते निघत नाहीच. बहुतेक ठिकाणी मोठ्या गटाची फी लहानांची तूट भरून काढते. त्यामुळे नव्या मालकाला पैसे वाचवायचे असतील तर रंगीत भिंती कमी करून फारसं साधत नाही; एका ताईमागचं मूल वाढवलं की मात्र लगेच फरक पडतो. आणि ही वाढ पालकांना कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं होतं, टीव्ही स्वस्त झाले, फोन स्वस्त झाले, मग मूल सांभाळणंच का दरवर्षी महाग होतं? याला उत्तर आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ते संगीतावरून मांडलं. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत, आजही चारच लागतात. त्यांना घाईने वाजवायला सांगून उत्पादन वाढत नाही. इतर धंद्यांत यंत्रांमुळे पगार वाढतात, तसे वादकांचेही वाढवावे लागतात, नाहीतर ते वाद्य ठेवून दुसरं काम धरतील. मूल झोपवायला पूर्वी जेवढा वेळ आणि जेवढे हात लागायचे तेवढेच आजही लागतात. तेव्हा फी वाढणारच होती. मोठ्या ताईंनीही ती वाढवली असती, कदाचित खूप आधीच वाढवायला हवी होती, आणि न वाढवल्यामुळेच त्या थकून विकायला तयार झाल्या असाव्यात. हे मला नंतर सुचलं. त्यांच्याशी याबद्दल बोलायला हवं होतं. बोललो नाही.

रात्री दोनला जागं राहायचंच होतं, तेव्हा मी वाचायला लागलो. अमेरिकेत १९९१पासून १,३६४ मुलांना जन्मापासून कित्येक वर्षं पाहत गेलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातली दिलासा देणारी बाजू अशी, की मुलाच्या वाढीशी घरातल्या गोष्टींचा संबंध पाळणाघरापेक्षा जास्त दिसला. पण पाळणाघरांपुरतं पाहिलं तर सांभाळणारी बाई मुलाकडे किती लक्ष देते, किती बोलते, हे महत्त्वाचं निघालं, आणि मुलं कमी व गट लहान असला की तसं लक्ष मिळण्याची शक्यता जास्त. यात काही ब्रह्मज्ञान नाही. कुणाच्याही आजीने सांगितलं असतं. आकडेही शोधले. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या शिक्षणाच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या निकषांत तान्ह्यांसाठी चारांमागे एक आणि गटात जास्तीत जास्त आठ. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस कायद्याने लागतं. दोन वर्षांच्यांसाठी ते चारांमागे एक होतं, २०२३च्या सप्टेंबरपासून पाच केलं. त्यावर तिथे मोठा वाद झाला. एका मुलाच्या फरकावर! आणि आमच्याकडे ‘केंद्रात सरासरी सात’ ऐकून बावीस माणसं गप्प बसली होती.

मग मी मोजायला लागलो. ॲपवरून नाही, डोळ्यांनी. रोज वीस मिनिटं आधी जायचं, बाहेरच्या बाकावर फोन बघत असल्यासारखं बसायचं आणि काचेतून डोकी मोजायची. सकाळी नऊला मधल्या गटात १६ मुलं, दोन ताई. दुपारी झोपेच्या वेळी एक ताई जेवायला जाते तेव्हा १६ आणि एक. संध्याकाळी पाचनंतर छोटा आणि मधला गट एकत्र करत, कारण दोघींची पाळी संपायची. एका बुधवारी पाच वाजून वीस मिनिटांनी मी १९ मुलं आणि दोन मोठी माणसं मोजली. त्यातली एक फोनवर कुठल्याशा पालकाला ॲपचा पासवर्ड समजावून सांगत होती. दुसरीच्या कडेवर एक, पायाला मिठी मारून दुसरं, आणि आमची लेक कोपऱ्यात एका ठोकळ्यावर बसून दाराकडे टक लावून. चावणार नाही तर काय करेल? तिच्यापुरतं ते एकच साधन होतं, ज्याने कुणीतरी तिच्याकडे लगेच वळून बघे.

आणि ‘सरासरी सात’चं कोडंही सुटलं. त्यात दारावरच्या बाई, कार्यालयातल्या दोघी, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी आणि स्वतः व्यवस्थापिका, सगळे धरले होते. आकडा खोटा नव्हता. नुसता निरुपयोगी होता.

याच दिवसांत आम्ही दुसरी तीन पाळणाघरं पाहिली. पहिल्यात यादीत नाव घालून आठ महिने थांबा म्हणाले. दुसऱ्यात सगळं चकाचक, पण आतून मुलांच्या आवाजाऐवजी मोठ्या आवाजात गाणी येत होती आणि खोल्या पाहू द्यायला ते राजी नव्हते. तिसरं चांगलं होतं, खरंच चांगलं, पण ते आमच्या दोघांच्या कामाच्या विरुद्ध टोकाला. शिवाय लेकीला पुन्हा पहिल्यापासून नवे चेहरे. घरी येऊन बायको म्हणाली, “पळून जायचं ठरवलं तर जाऊ. पण आधी आपण केलेली घाण निस्तरू.” आपण म्हणाली, तुम्ही नाही, हा तिचा मोठेपणा.

दुसऱ्या बैठकीला आम्ही सहा जण गेलो, ठरवून कमी. यावेळी मोठ्या खुर्च्या मिळाल्या. मी फीचा कागद नेलाच नाही. डोक्यांच्या मोजणीचं पान नेलं: तारीख, वेळ, खोली, मुलं, ताई. म्हटलं, “१८ टक्के घ्या. पण रिकामी जागा भरा, जाणाऱ्या ताईंच्या जागीही माणूस बघा, आणि कुठल्या खोलीत कुठल्या वेळी किती मुलं, किती ताई, हे दारावर रोज लिहून लावा. सरासरी नको. ताई सोडून जाणार असेल तर आम्हाला आधी सांगा, म्हणजे पोरांना घरी सांगता येईल.”

व्यवस्थापिका बराच वेळ ते पान बघत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं त्याची मला अपेक्षा नव्हती. म्हणाल्या, “वरून मला फीची आणि पटाची दोन उद्दिष्टं आहेत. ताई टिकवण्याचं नाही. तुम्ही हे लेखी द्या, त्यावर सह्या घ्या. मला ते वर दाखवायला उपयोगी पडेल.” तेवीस दिवसांची ती नोटीसही त्यांनी काढली नव्हती म्हणे, मसुदा तयार आला होता, आनंदासकट.

सह्या घ्यायला निघालो आणि तिथे खरं भांडण झालं. आमच्याच माणसांत. दोन मुलांची एक आई आहे, एकटीच सांभाळते. नव्या तक्त्यात भावंडांची सवलत काढून टाकली होती, म्हणजे तिच्यावरचा बोजा सगळ्यांत जास्त. मी तिच्यासमोर कागद धरला. तिने वाचला आणि परत दिला.

“तुम्हाला १८ परवडतात म्हणून तुम्ही तत्त्वं सांगताय,” ती म्हणाली. “मला तीन टक्केसुद्धा महिन्याच्या शेवटी दिसतात.”

मी पगारांबद्दल, रिकाम्या जागेबद्दल सांगायला लागलो. “ते मला कळतं,” ती म्हणाली. “माझा मोठा त्याच ताईंच्या मांडीवर वाढलाय. पण ते कळून माझी फी भरली जात नाही.” तिचं काहीच चुकत नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आम्ही कागदात भावंडांच्या सवलतीची मागणी घातली, वाढ दोन टप्प्यांत करावी हेही घातलं. मग तिने सही केली. आठ घरांनी केली नाही. त्यांतल्या दोघांनी ग्रुपवर लिहिलं की काही लोक व्यवस्थापनाला फितूर झालेत. साहेबाचा फितूर व्हायला महिनाही लागला नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. १८ टक्के, पण निम्मी वाढ आता आणि निम्मी सहा महिन्यांनी. भावंडांची सवलत फक्त जुन्या मुलांना. रिकामी जागा भरणार. दारावर फळा लावणार. वेळ साडेसहापर्यंत करा ही मागणी मात्र सरळ फेटाळली. सह्या न केलेल्यांचं म्हणणं असं, की १५ मिळाले होते ते यांनी घालवले. खरंच आहे ते.

तिरक्या अक्षराच्या ताई थांबल्या नाहीत. त्यांना दुसरीकडे काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी आम्ही लेकीला मुद्दाम सांगितलं की ताई उद्यापासून येणार नाहीत. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने ताईंच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि घरी यायच्या वेळी सोडलं नाही. ताईंनी ओढणीच काढून दिली. ती अजून आमच्याकडे आहे, उशीखाली.

त्या दोन मुलांच्या आईनेही दोन महिन्यांनी नोटीस दिली. तिची बहीण तिच्याजवळ राहायला येणार होती, निदान आम्हाला तसं सांगितलं.

नव्या ताई पाच आठवड्यांनी आल्या, दोघी. एक अगदी पोरसवदा, नुकतं शिक्षण संपवून आलेली. पहिल्याच दिवशी मी तिला कानाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण टिपून घेतलं नाही, आणि माझ्या मनाने लगेच नापास केलं तिला. रात्रीचं उठणं पुढे आणखी महिनाभर चाललं. मग तीनवरून एकदा, मग अधूनमधून. एका दुपारी ॲपवर नेहमीची नोंद आली, झोप ९० मिनिटं वगैरे, आणि खाली शेरा या रिकाम्या चौकटीत कुणीतरी टाइप केलं होतं: ‘आज कान न चोळता झोपली. माझं बोट धरून.’

दारावरचा फळा लागला. पहिल्या आठवड्यात रोज भरला जायचा, मग कधी भरायचा, कधी कालचीच तारीख. डोकी मोजायची माझी सवय गेली नाही. अजूनही आत शिरलो की ओठ हलतात. मागच्या सोमवारी बाकावर बसलो होतो, तर ती पोरसवदा ताई दारातून वाकून म्हणाली, “काका, चौदा आहेत. तिघी आहोत. मोजायचं असेल तर आतच या ना, तिकडून कोपऱ्यातली दिसत नाहीत.”